खळीची बरणी

त्रिशला मगदूमला ऊर्जा सप्ताहाची मनापासून शिसारी होती. दरवर्षी जानेवारीत तो यायचा. सभागृहात दिवसभर प्रोजेक्टर चालू, पडद्यावर ‘वीज वाचवा’ अशी हातभर मोठी अक्षरं, समोर रिकाम्या खुर्च्या आणि त्या खुर्च्यांवर गरगर फिरणारे पंखे. शेवटच्या दिवशी पाहुणे यायचे, गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात रोप लावायचे, फोटो निघाला की झारी तिथेच टाकून उपमा खायला पळायचे. मुलं घसा फुटेपर्यंत घोषणा द्यायची आणि वर्गातले दिवे तसेच ठेवून मैदानावर धावायची.

इचलकरंजीतल्या या शाळेत ती पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवायची. पोरांना सगळं पाठ होतं. कोळसा कुठून येतो, तो जळला की हवेत काय जातं, नदीतला मासा कशानं मरतो, काहीही विचारा, घडाघडा सांगायची. सांगून झालं की बाटलीतलं उरलेलं पाणी खिडकीतून ओतायची. कळत नव्हतं असं नाही, पण कळून काही फरक पडत नव्हता. त्यात लागोपाठच्या दोन जीवघेण्या उन्हाळ्यांनंतर सरकारनं प्रत्येक शाळेला विजेची मर्यादा घालून दिली होती आणि पर्यावरणप्रेमाला गुण ठेवले होते. प्रेमाला गुण म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. पोरं झाडाला मिठी मारताना कॅमेरा कुठे आहे ते आधी बघू लागली.

अशा वेळी डॉ. ऋग्वेद सबनीस शाळेत आला. कंपनीचा माणूस, वय तिशीचं, मेंदूचा अभ्यास केलेला आणि बोलायला मधाळ. शिक्षकखोलीतल्या टेबलावर त्यानं साबणदाणीएवढी एक पांढरी डबी ठेवली. डबीवर लिहिलं होतं, ‘जाणीव’.

“मॅडम, तुम्ही कधी काही खाऊन आजारी पडला होतात?” त्यानं त्रिशलाला विचारलं.

“लहानपणी. लग्नातली बासुंदी.”

“आता खाता?”

“नाव काढू नका.”

“बघा. एकदाच झालं. कुणी शिकवलं नाही, परीक्षा घेतली नाही, तरी जन्मभर लक्षात राहिलं.”

मग त्यानं समजावून सांगितलं. किळस हे मेंदूतलं फार जुनं खातं आहे. सडकं, विषारी अन्न तोंडात जाऊ नये म्हणून ते तयार झालं. ते तर्काला जुमानत नाही आणि एका फटक्यात शिकतं. कंपनीला एक रेणू सापडला होता. त्याला स्वतःचा वास नाही, पण नाकातून आत गेला की तो थेट त्या खात्याला डिवचतो. त्या क्षणी जो वास नाकात असेल आणि जी गोष्ट डोळ्यांसमोर असेल, तिच्यावर किळसेचा शिक्का बसतो. प्रत्येक वर्गात एक डबी लावायची आणि तिची एक तार शाळेच्या विजेच्या मुख्य पेटीला जोडायची. प्रत्येक उपकरण वीज ओढताना आपापली लय सोडतं, पंख्याची वेगळी, दिव्याची वेगळी. त्यावरून डबीला कळतं की काय चालू आहे, आणि तिच्यातल्या कॅमेऱ्याच्या डोळ्याला दिसतं की त्याखाली कुणी आहे की नाही. अर्धा वर्ग रिकामा असताना किंवा मुलं दिवे तसेच ठेवून निघताना वीज वाया चालली की वर्गात एक बारीक फुसकारा सुटतो. त्यात तो रेणू असतो आणि सोबत एखादा घाण वास. दोन-तीन महिन्यांनी वास सोडायचीही गरज उरत नाही. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा दिसला की पोरांच्या पोटात आपोआप ढवळतं.

“मुलांना काही अपाय?” त्रिशलानं विचारलं.

“अजिबात नाही. लहान मुलांवर शिक्का पक्का बसतो, मोठ्यांवर जरा पुसट, एवढाच फरक. पालकसभेची मंजुरी घेऊ आपण.” मग त्यानं आवाज आणखी मऊ केला. “फक्त वास तुम्ही द्यायचा. स्थानिक हवा. मुलांना रोज भेटणारा, ओळखीचा आणि नकोसा. अनोळखी वासावर शिक्का नीट बसत नाही.”

मुख्याध्यापक कित्तुरे सरांना गटाराचा वास नको होता, कारण शाळेत पाहुणे येतात. कुणी नासकं अंडं सुचवलं, त्यावर निम्मी शिक्षकखोली शाकाहारी असल्यानं नाकं मुरडली गेली. त्रिशलाला विचार करावाच लागला नाही.

“खळ,” ती म्हणाली. “आंबलेली खळ.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. इचलकरंजी हे मागांचं गाव. सूत मागावर चढण्याआधी ते ताठ व्हावं म्हणून शिजवलेल्या खळीतून काढतात. ते काम जिथे चालतं ते सायझिंग. खळ उरली आणि दोन दिवस तशीच राहिली की आंबते, आणि तिला सुटणारा तो आंबट, ओला, घशात बसणारा वास गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. त्रिशलाला तो जरा जास्तच ठाऊक होता. तिचा नवरा सुकुमार सायझिंगमध्ये खळ शिजवायचं काम करायचा. लग्न झाल्यापासून तो वास तिच्या उशीवर होता, टॉवेलवर होता, कपाटातल्या चांगल्या साड्यांपर्यंत पोचला होता. लग्नकार्यात कुणी जवळ येऊन बोललं की ती आधी स्वतःच्या पदराचा वास घ्यायची. नवऱ्याला याबद्दल ती कधी काही बोलली नव्हती. भला माणूस होता, बोलायचं तरी काय.

“आमची खळ? शाळेत?” सुकुमारला आधी खरंच वाटेना. “ती गं कशाला?”

“विज्ञानाचा प्रयोग आहे.”

“मग आजची नगं. ताजी हाय, वासच मारत न्हाई. थांब की दोन दिस, झकास करून देतो.”

त्यानं लोणच्याची एक रिकामी बरणी आणली आणि गरम पाण्यानं तीनदा विसळली, कारण शाळेत द्यायची वस्तू, तिला हिंगाचा वास राहायला नको. तीत खळ भरून, वर फडकं बांधून ती त्यानं बॉयलरच्या उबेला ठेवली. तिसऱ्या दिवशी घरी आणून फडकं सोडलं, नाक लावलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि शाबासकी मिळाल्यासारखा चेहरा करून तो म्हणाला, “आता आंबलीया बघ. आर्जवीला सांग, प्रयोगाला पप्पांनी दिलीया म्हणून.”

आर्जवी त्यांची मुलगी, त्याच शाळेत पाचवीत. त्रिशलानं तिला काही सांगितलं नाही. प्रयोग कसला, हे सुकुमारलाही सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही म्हणून, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पालकसभेनं टाळ्या वाजवून मंजुरी दिली. सुकुमारही होता टाळ्या वाजवायला, शेवटच्या रांगेत. सभेत वीजबचतीचं सांगितलं गेलं, वासाचा विषय कुणी काढला नाही.

डबीनं कमाल केली, हे कबूल करायलाच हवं. दिवाळीपर्यंत शाळेत रिकाम्या खोलीत एक दिवा सापडेना. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मुलं दाराकडे नाही, बटणांकडे धावायची. कित्तुरे सर पंखा चालू ठेवून मुतारीला गेले, तर सहावीच्या दोन मुलींनी नाकाला रुमाल लावून तो बंद केला आणि सर परत आल्यावर त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की सरांनी शर्टावर काही सांडलंय का ते तपासलं. त्रिशला हसली. इतक्या वर्षांच्या शिकवण्याचं चीज झालं असं तिला वाटलं. आर्जवी घरातसुद्धा मागे मागे फिरून दिवे मालवायची. सुकुमार कौतुकानं म्हणायचा, “पोरगी हुशार झाली गं तुझी.”

पण किळस ही जिथल्या तिथे राहणारी गोष्ट नव्हे. ती ओघळते. दिव्यावरून ती वासावर आली होतीच, वासावरून ती माणसांवर आली. सातवीतल्या स्नेहल बिरनाळेचे वडील सायझिंगमध्ये होते. तिच्या दप्तराला, गणवेशाला तो वास होता आणि आजवर त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. आता तिच्या बाकावर कुणी बसेना. तिनं हात लावलेला खडू कुणी घेईना. डबा खायला ती बसली की मुलींचा गोल उठून दुसरीकडे जायचा. पोरं दुष्ट नव्हती. विचारलं तर बिचारी रडवेली होऊन सांगायची, “मॅडम, पोटात कसंतरी होतं.” कित्तुरे सरांनी उपाय काढला, स्नेहलला खिडकीजवळ एकटीला बसवा, वारा येतो. ज्या गावाला पाणवठ्यावरची शिवाशीव संपवायला पिढ्या लागल्या, तिथे साबणदाणीएवढ्या डबीनं ती एका सत्रात परत आणली, आणि या खेपेला तिला पर्यावरणाचं नाव होतं. सांगतानाही जीभ विटाळते.

त्रिशलानं सबनीसला फोन केला. “थोडाफार सांडतो शिक्का आजूबाजूला,” तो म्हणाला. “पण मॅडम, तुमचे आकडे राज्यात सर्वांत चांगले आहेत.”

डिसेंबरात निसर्ग-आस्वाद फेरी निघाली. पाचवी ते सातवीची मुलं रांगेनं पंचगंगेच्या काठावर गेली. पाणी कुठे दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णीचा गच्च हिरवा थर, जिथे तो फाटला होता तिथे काळसर पाण्यावर साबणासारखा फेस, आणि काठाच्या दगडांत पोटं वर केलेले मासे, त्यांच्यावर माश्यांचा घोंगावता थर. वरच्या अंगाला एका पाइपातून कुठलं तरी लालसर पाणी धो धो पडत होतं. त्रिशलाला वाटलं, आता तरी. आता तरी यांना कळेल की किळस कशाची यायला हवी.

“मॅडम, किती हिरवंगार आहे,” एक मुलगी म्हणाली.

मुलांनी वह्या काढल्या आणि मन लावून चित्रं काढली. एकीनं मेलेल्या माशाला पानाचं पांघरूण घातलं आणि हात स्कर्टला पुसून त्याच हातानं लाडू खाल्ला. कुणी नाक मुरडलं नाही. या वासावर शिक्का बसलेला नव्हता, मग यायची कशी किळस? जी मुळात थोडीफार येत होती, तीसुद्धा त्या डबीनं एकाच जागी गोळा करून ठेवली होती.

परतताना बांधावरून एक टेंपो गेला. मागे सायझिंगहून निघालेलं सूत गुंडाळलेले रूळ होते, दमट राहून आंबूस वास धरलेले. तो वाऱ्याचा झोत रांगेवरून गेला मात्र, आणि पोरं ओकू लागली. एकापाठोपाठ एक, रस्त्याच्या कडेला, बुटांवर, वह्यांवर. नदीची हिरवी चित्रं ओकारीत भिजली. आर्जवीही त्यात होती. आणि त्रिशलानं तोंडावर हात दाबला, कारण तिच्याही घशाशी आलं होतं. मोठ्यांवरचा शिक्का पुसट असतो, पण इतके महिने तीही त्याच वर्गात उभी होती.

मगदूमांच्या घरी सूर्यास्ताआधी जेवायची रीत होती. जैनांच्या घरातली जुनीच रीत, सुकुमारच्या आईवडिलांपासून चालत आलेली. दिवा लावायच्या आत ताटं विसळलेली असायची. सुकुमार पहिल्या पाळीला जायचा तो याच जेवणासाठी. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन ताटांवर यायचं, आर्जवी त्याच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि भाकरीचा पहिला पापुद्रा तोच तिला काढून द्यायचा. दिवाळीनंतर ती थोडी सरकून बसू लागली होती, तरी पापुद्रा घ्यायची.

फेरीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं पापुद्रा पुढे केला आणि आर्जवीनं तोंड फिरवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उठली, मोरीपर्यंत पोचायच्या आत ओकली, आणि भिंतीला टेकून हुंदके देत म्हणाली, “पप्पा, लांब बसा ना. प्लीज लांब बसा.”

सुकुमारनं हातातल्या पापुद्र्याकडे पाहिलं. मग तो ताट घेऊन मागच्या पडवीत गेला.

त्या दिवसापासून त्यानं जे केलं ते बघवत नव्हतं. कामावरून आला की मागच्या दारानंच आत यायचा, लिंबाच्या सालीनं, बेसनानं, धुण्याच्या सोड्यानं अंग घासायचा. हाताची कातडी सोलून निघाली. केस बारीक कापून घेतले. कपडे सायझिंगमध्येच ठेवू लागला. तरी वास जात नव्हता, कारण तो कपड्यांत नव्हताच, आर्जवीच्या डोक्यात होता. पप्पा दिसले की तिला आता वासाचीही गरज लागत नव्हती. तो पडवीत जेवायचा, पडवीत झोपायचा, आणि दारातून विचारायचा, “जेवली का गं पोरगी?” एकदा त्यानं विचारलं, “त्रिशला, प्रयोग कसला होता गं तुमचा?”

तिनं सगळं सांगितलं.

“म्हंजे मीच भरून दिली की,” एवढंच म्हणाला. “चांगली आंबवून दिली.”

त्याऐवजी त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पुढच्या महिन्यात सायझिंग सोडतो म्हणाला. कुठल्याशा मॉलमध्ये पहारेकऱ्याची जागा होती, दिवसभर थंडगार एसीत उभं राहायचं. “तिथं कसलाच वास न्हाई म्हणं.”

फेब्रुवारीत पुण्याच्या एका हॉटेलात राज्यातल्या ‘जाणीव’ शाळांचा गौरव होता. त्रिशला गेली ती सबनीसला गाठायला. हॉलमध्ये इतका गारठा होता की सत्काराच्या शाली लोकांनी खरोखरच अंगाभोवती लपेटून घेतल्या. छतापासून जमिनीपर्यंत झुंबरं जळत होती, बाहेर लख्ख ऊन असताना. शेजारचा हॉल रिकामा होता आणि तोही तसाच उजळलेला, तसाच थंड.

“इथे डबी नाही लावलीत?” तिनं सबनीसला विचारलं.

तो हसला. “मॅडम, इथे पाहुणे आहेत.”

“माझ्या मुलीवरचा शिक्का पुसायचा आहे.”

त्याचं हसू विरलं. तो तिला बाजूला घेऊन गेला आणि पहिल्यांदाच मध न लावता बोलला. “पुसत नाही तो. झाकता येतो फार तर. मूल ज्या माणसाशिवाय राहूच शकत नाही, त्या माणसाच्या अंगाला तोच वास यायला लागला, तर मेंदू गोंधळतो. हळूहळू नवा अर्थ शिकतो. पण महिने लागतात, आणि आधी ते मूल त्या माणसालाही लांब ढकलतं. कदाचित परत जवळ येतही नाही. आम्ही कुणाला सुचवत नाही.”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“मी तेव्हा नवीन होतो, मॅडम,” तो म्हणाला आणि निघून गेला.

हॉलच्या एका भिंतीला काचेचं कपाट होतं. वर लिहिलं होतं, ‘आपल्या मातीचे गंध’. आत बरण्या होत्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. कोकणातल्या एका बंदराची बरणी, आत सुकट. कुठल्याशा गावच्या चांभारवाड्यातलं कमावलेल्या कातड्याचं पाणी. साखरकारखान्याजवळच्या शाळेनं पाठवलेली मळी. दूधगावाचं गोठ्यातलं गोमूत्र. भट्टीवरच्या कामगारांच्या वस्तीतून आणलेल्या घामट चिंध्या. आणि मधोमध लोणच्याची बरणी, सुकुमारनं तीनदा विसळलेली.

त्रिशला तिथे उभी राहिली आणि तिला मळमळू लागलं, खळीच्या वासानं नव्हे. एवढ्या शाळा, एवढे शिकलेले शिक्षक, आणि प्रत्येकानं वास शोधायला कुणाच्या तरी बापाचं अंग हुंगलं होतं. या हॉलसारख्या हॉलचा वास कुणी पाठवला नव्हता. पाठवणार कसा? जे खरोखर पोतीच्या पोती कोळसा जाळतात त्यांच्या खोल्यांना वासच नसतो, असला तर मोगऱ्याचा फवारा मारलेला. नाकाला झोंबतो तो कष्टाचा वास, आणि आपण पोरांना शिकवलं की घाण तीच.

मंचावर तिचं नाव पुकारलं गेलं. वास कसा निवडलात ते सांगा, असं निवेदिका म्हणाली. कपाटाला कुलूप नव्हतं. बरणी कडेवर घेऊन त्रिशला माइकपाशी गेली.

“ही खळ माझ्या नवऱ्यानं भरली,” ती म्हणाली. “कामावरून थकून येऊन, लेकीच्या शाळेसाठी, मनापासून. त्याच्याच अंगाचा हा वास आहे. माझी मुलगी आता बापाला बघून ओकते.”

टाळ्या पडल्या. आधी पहिल्या रांगेतून, मग सगळीकडून. लोक उठून उभे राहिले. केवढा त्याग, असं कुणीतरी म्हणालं. एका बाईनं शालीच्या टोकानं डोळे टिपले. त्रिशला त्या टाळ्यांकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, आयुष्यात याहून ओंगळ आवाज आपण ऐकलेला नाही. ती बरणी घेऊन मंचावरून उतरली ती थेट बसस्टँडवर आली. तिची ट्रॉफी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या वर्गातली डबी स्वतःच्या हातानं काढून कित्तुरे सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी नियम काढले, चौकशीची भीती घातली. ती म्हणाली, “करा चौकशी. मी सांगेन त्यांना, वास कुणी निवडला ते.” मग ती सातवीच्या वर्गात गेली आणि मधल्या सुट्टीत स्नेहल बिरनाळेच्या बाकावर बसून डबा खाल्ला. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घ्यावा लागला. सोसून खाल्लं. बाकीची मुलं तोंडाला रुमाल लावून बघत होती.

घरी आली तेव्हा सुकुमार अजून यायचा होता. मॉलची नोकरी सोमवारपासून होती. त्याचा एक जुना शर्ट पडवीच्या दोरीवर होता, पुष्कळदा धुऊनही पिवळट पडलेला. तिनं साडीवरून तो अंगात घातला. मग मोरीत बसून बरणीचं फडकं सोडलं. तो भपकारा आला आणि ती ओकली, दुपारचं सगळं पडेपर्यंत. मग चूळ भरली आणि खळीत हात घातला. थंड, बुळबुळीत. कोपरांपर्यंत लावली, मानेला लावली, वेणीला लावली. इतकी वर्षं जो वास पदराला लागू नये म्हणून ती जपत आली, तो तिनं अंगभर चोपडला.

सुकुमार मागच्या दारानं आला आणि उंबऱ्यावरच थबकला.

“हे काय गं? काढ ते. काढ आधी. पोरगी तुझ्याजवळ पण यायची न्हाई.”

“माहीत आहे. पानं घेते, बसा.”

“त्रिशला, मी सोमवारपासून जातोय की तिकडं. कशाला?”

“तुम्ही कुठं जायचं नाही. आत बसा, पडवीत नाही.”

तो बसला. तिनं त्याच्या शेजारीच पान मांडून घेतलं, मांडीला मांडी लागेल असं. तिसरं समोर मांडलं. खिडकीतून ऊन तिरपं झालं होतं, भिंतीवर चढायला लागलं होतं.

आर्जवी अभ्यास टाकून आली, दारात पोचली आणि जागच्या जागी थिजली. तिनं बापाकडे बघितलं, मग आईकडे. नाकावर फ्रॉकची बाही धरली.

“मम्मी,” ती म्हणाली, “तुला पण.”

“हो. मला पण.”

“आंघोळ कर ना.”

“नाही करणार. आजही नाही, उद्याही नाही.”

पोरीच्या डोळ्यांत भीती उतरली, अगदी उघडी. तिच्या जगात आता जवळ जायला कुणीच उरलं नव्हतं. ती मोरीकडे पळाली, ओकल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग बराच वेळ कसलाच आला नाही. सुकुमार उठू लागला तसा त्रिशलानं त्याचा सोललेला हात धरून ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं स्वतः एक घास घेतला. तो तिनं गिळला.

ऊन खिडकीच्या वरच्या गजापर्यंत गेलं. थोड्या वेळानं ते जाणार होतं, आणि मग या घरात कुणी जेवत नसे.

आर्जवी परत आली. समोर मांडलेल्या पानाशी नाही. तिनं आपलं ताट उचललं, दारापर्यंत नेलं, उंबऱ्याच्या पलीकडे ठेवलं आणि तिथे पाठमोरी बसली. बाही नाकावरच होती. दुसऱ्या हातानं तिनं भाकरी मोडायचा प्रयत्न केला. एका हातानं तिला पापुद्रा निघेना.

सुकुमारनं पापुद्रा काढला. पण हात पुढे केला नाही, तसाच धरून बसला. त्रिशलानं तो त्याच्याकडून घेतला आणि उंबऱ्यापर्यंत सरकून लेकीच्या ताटात ठेवला.

“कुणी काढला?” पाठमोरीच ती म्हणाली.

“पप्पांनी.”

तिनं पापुद्रा ताटात उलटा केला, परत सुलटा केला. मग बाहीत नाक खुपसून, डोळे घट्ट मिटून, औषध घ्यावं तसा तिनं तो तोंडात घातला, आणि बाहेर न टाकता चावत राहिली.